चेंडू मिळाला, पायाचं काय?

शाहू स्टेडियमवर कुणाला रेड कार्ड मिळालं की गॅलरीतून पहिली आरोळी ठरलेली असते : "आरं, बॉल घेतलाय की त्यानं!" कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा आणि तालमीचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं आधी तालमींची आणि मग संघांची. त्यामुळं बाहेर काढलेला पोरगा एकटा बाहेर जात नाही, अख्ख्या पेठेला ते कार्ड लागतं. जिल्हा पातळीवर पंच म्हणून उभा राहत होतो तेव्हा ही आरोळी मी खूप ऐकली, आणि आता नव्या पंचांना शिकवताना त्यांनाही ती ऐकून घ्यावी लागणार आहे हे मला माहीत असतं. ती खोटी नसते. चेंडू बहुतेक वेळा खरंच लागलेला असतो. प्रश्न असतो तो चेंडू लागल्यावर पाय पुढं कुठं गेला याचा. हा दुसरा प्रश्न नियमात नीट लिहायला फुटबॉलला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली. ती वर्षं कशी गेली हे मला सांगायचं आहे, कारण त्यात बऱ्याच लोकांच्या नडग्या आणि घोटे मोडले आहेत.

26 ऑक्टोबर 1863 रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांची माणसं जमली आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तोवर प्रत्येक शाळेचा, प्रत्येक क्लबचा खेळ वेगळा. पुढच्या सहा आठवड्यांत या मंडळींच्या बैठकांवर बैठका झाल्या, आणि सगळ्यात मोठं भांडण कशावरून झालं, तर समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायची परवानगी ठेवायची की काढायची यावरून. पहिल्या मसुद्यात ती परवानगी होती. चेंडू घेऊन पळणाऱ्याला धक्का द्या, धरा, पाडा, नडगीवर मारा, सगळं चालेल असं त्यात लिहिलं होतं. असोसिएशनचे सचिव एबनेझर कॉब मॉर्ली पेशानं वकील. त्यांचं म्हणणं साधं होतं : हे ठेवलं तर शहाणी, कमावती माणसं खेळायची नाहीत, खेळ शाळकरी पोरांपुरता उरेल. ब्लॅकहीथ क्लबचे कॅम्पबेल हे संस्थेचे खजिनदार, पण या मुद्द्यावर ते पेटून उठले. लाथ काढली तर खेळातलं धाडस आणि मर्दपणा निघून जाईल, असं ते पोटतिडकीनं सांगत राहिले. मतदान झालं, परवानगी गेली. 8 डिसेंबरला नियम मंजूर झाले आणि ब्लॅकहीथ बाहेर पडलं. तोच क्लब 1871 मध्ये रग्बी युनियनच्या संस्थापकांत दिसतो. पण त्याच वर्षी रग्बीनंसुद्धा नडगीवरची लाथ नियमातून काढून टाकली.

कॅम्पबेल यांच्याबद्दल मला राग नाही. त्यांना वाटत होतं की दुखापत सोसणं हाच खेळाचा अर्थ आहे. हा विचार 1863 मध्ये मेला नाही. आजही एखादा जुना खेळाडू "आमच्या वेळी असल्याला फाऊल देत नव्हते" असं छाती काढून सांगतो, तेव्हा त्याच्या तोंडून ब्लॅकहीथच बोलत असतं.

बंदी आली, पण ती अंमलात आणणारा माणूस मैदानात नव्हता. दोन्ही संघांचा एकेक पंच असायचा, दाद मागितली तरच तो बोलायचा, आणि दोघांचं जमलं नाही तर बाहेर बसलेल्या रेफरीकडे जायचं. 1891 मध्ये रेफरी मैदानाच्या आत आला, ते दोघे पंच रेषेवर गेले, आणि त्याच वर्षी पेनल्टी किकही आली. मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला तोही 1891 मध्येच. त्या काळात आपल्याकडं या स्पर्धांवर गोऱ्या पलटणींचं राज्य, पायात जाड चामड्याचे बूट. समोर हिंदी खेळाडू अनवाणी. 29 जुलै 1911 ला मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 नं हरवून आयएफए शील्ड जिंकली तेव्हा अकरांपैकी एकाच्याच पायात बूट होते. या विजयाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. पंच म्हणून मला मात्र त्यातला एक वेगळाच भाग दिसतो. एकाच नियमाखाली बुटातला पाय आणि उघडा पाय एका चेंडूवर येत होते. धोका दोघांना सारखा नव्हता, आणि त्या वेळच्या नियमाला हा फरक मोजायचं काही साधन नव्हतं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्येही आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच होते. हेलसिंकीत 1952 साली युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा मार खाल्ल्यावर मग बूट सक्तीचे झाले.

आता 1962 च्या वर्ल्ड कपकडे येतो. 2 जून, सँटियागो, चिली विरुद्ध इटली. पंच इंग्लंडचे केन ॲस्टन, व्यवसायानं शिक्षक. पहिल्या आठ मिनिटांत त्यांनी इटलीच्या जॉर्जिओ फेरीनीला बाहेर काढलं. फेरीनी जाईना. शेवटी पोलीस आत आले आणि त्याला घेऊन गेले. पुढं चिलीच्या लिओनेल सांचेझनं ठोसा मारला तो पंचांच्या नजरेतून सुटला, इटलीचा मारिओ डेव्हिड उंच लाथ घालून बाहेर गेला, आणि चिली 2-0 नं जिंकली. त्या सामन्याची चित्रफीत आज बघताना मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की पंच काय सांगतोय तेच कुणाला कळत नाहीये. इंग्रजी बोलणारा माणूस इटालियन पोराला बोटानं बाहेर दाखवतोय आणि पोरगा हात पसरून उभा आहे.

चार वर्षांनी वेम्बलीवर हेच झालं. 23 जुलै 1966, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना, उपांत्यपूर्व फेरी. पंच रुडॉल्फ क्राइटलाइन, स्टुटगार्टचे शिंपी, त्यांना स्पॅनिश येत नव्हतं. अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनियो रात्तीन याला जर्मन येत नव्हतं. तो दुभाषा मागत राहिला आणि पंचांनी त्याला बाहेर जायला सांगितलं. सामना बराच वेळ थांबला. समजूत काढायला जे मैदानात उतरले ते ॲस्टनच होते, कारण त्या वर्ल्ड कपच्या पंचांची जबाबदारी त्यांच्यावर होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं की इंग्लंडच्या चार्ल्टन भावांनाही ताकीद मिळाली होती. खुद्द भावांना ते तेव्हाच कळलं.

त्याच सामन्याहून परतताना केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर ॲस्टन सिग्नलला थांबले. पिवळा, मग लाल. पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे बस्स, हे कुठल्याही देशातल्या माणसाला कळतं. तिथून कार्डं निघाली. 1970 च्या मेक्सिको वर्ल्ड कपमध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली. 31 मे च्या उद्‍घाटनाच्या सामन्यात जर्मन पंच कुर्ट चेन्शर यांनी पिवळं कार्ड काढलं. लाल मात्र त्या संपूर्ण स्पर्धेत निघालंच नाही. ते निघालं 14 जून 1974 ला, पश्चिम बर्लिनमध्ये, चिलीच्या कार्लोस कास्झेलीसाठी, बेर्टी फोग्ट्सवर केलेल्या फाऊलबद्दल. पंच होते तुर्कस्तानचे दोआन बाबाजान.

कार्डांची ही गोष्ट सगळीकडं सांगितली जाते आणि ती खरीही आहे. पण तिचा शेवट तिथं होत नाही. कार्डामुळं निर्णय सगळ्यांना दिसू लागला. निर्णय कसा करायचा हे कार्डानं शिकवलं नाही. 1966 च्याच स्पर्धेत 19 जुलैला पोर्तुगालच्या मोराइसनं पेलेला एकाच चढाईत दोनदा पाडलं. पेले लंगडत बाजूला बसला, आणि मग लंगडतच पुन्हा आत आला, कारण वर्ल्ड कपमध्ये तेव्हा बदली खेळाडूची सोयच नव्हती. मोराइस सामना संपेपर्यंत मैदानात होता. ज्यानं मारलं तो पूर्ण तंदुरुस्त, ज्याला लागलं त्याचा संघ दहावर. नियमच धसमुसळ्या माणसाला बक्षीस देत होता असं म्हटलं तर त्यात काही अतिशयोक्ती नाही. बदली खेळाडू वर्ल्ड कपमध्ये आले 1970 ला, कार्डांबरोबरच.

आमच्या गल्लीत एक सेंटर फॉरवर्ड होता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, आम्ही त्याला दादा म्हणायचो. एका साध्या सरावाच्या सामन्यात समोरच्यानं सरळ गुडघ्यानं, तळवा पुढं करून त्याच्या नडगीवर पाय टाकला. आवाज आम्हाला रेषेबाहेर ऐकू आला. पंचांनी फ्री किकसुद्धा दिली नाही. चेंडू लागला होता. दादाला दोषी कोण वगैरे काही वाटलं नाही, तो एवढंच म्हणायचा, "त्यानं मुद्दाम न्हाई केलं रं." प्लास्टर निघालं, पाय सरळ झाला, पण पळणं परत आलं नाही. मला त्या वेळी उत्तर सुचलं नव्हतं. पुढं नियम वाचायला लागलो तेव्हा दिसलं की नियमाचंही तेच म्हणणं होतं. फाऊल ठरण्यासाठी कृती 'हेतुपुरस्सर' असावी लागायची. पंचानं पळता पळता, एका सेकंदात, दुसऱ्या माणसाच्या मनात काय होतं ते ओळखायचं. हे कुणालाच जमणारं नाही. जमत नाही म्हटल्यावर संशयाचा फायदा मारणाऱ्याला.

8 जुलै 1982 ला सेव्हिलमध्ये, पश्चिम जर्मनी विरुद्ध फ्रान्स या वर्ल्ड कपच्या उपांत्य सामन्यात, हे सगळ्या जगानं पाहिलं. बदली खेळाडू म्हणून नुकताच उतरलेला पॅट्रिक बातिस्तों एकटा पुढं निसटला. प्लातिनीचा पास त्यानं गोलकडं मारला, आणि तोवर गोलकीपर शूमाखर हवेत उडून, कंबर वळवून त्याच्यावर आदळला होता. बातिस्तोंचे दात पडले, मणक्याला इजा झाली, तो बेशुद्ध. चेंडू गोलखांबाबाहेरून गेला. पंच चार्ल्स कोर्वर यांनी गोल किक दिली. कार्ड नाही, फाऊलही नाही. नजर चेंडूबरोबर गेली, असं त्यांनी नंतर सांगितलं. हे वाक्य मी प्रत्येक नव्या पंचाला सांगतो. चेंडू पायातून सुटला की प्रेक्षकांचे डोळे चेंडूमागं जातात आणि ते बरोबरच आहे. पंचाचे डोळे मागं राहिले पाहिजेत. धोका चेंडू गेल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात असतो. पुढच्याच वर्षी, 24 सप्टेंबर 1983 ला, बार्सिलोनाच्या कॅम्प नोउवर बचावपटू गोइकोएचेआनं मॅराडोनाचा घोटा मागून मोडला. लाल कार्ड तिथंही निघालं नाही.

पंचानं पहिल्या दोन-तीन रांगड्या टॅकलकडं कानाडोळा केला की काय होऊ शकतं ते आपल्याच देशात 16 ऑगस्ट 1980 ला दिसलं. ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. बिदेश बोस आणि दिलीप पालित यांची जुंपली आणि दोघांना बाहेर काढण्यात आलं. तोवर गॅलरी पेटली होती. चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक मेले, सामना बघायला आलेली माणसं. त्याला अनेक कारणं होती. दोन्हीकडचे पाठीराखे एकाच गॅलरीत होते, बंदोबस्त अपुरा होता, आणि सगळा दोष मैदानातल्या एका शिट्टीवर टाकणं अन्यायाचं आहे. पण शाहू स्टेडियमसारख्या जागी, जिथं दोन पेठा चाळीस पावलांवर समोरासमोर बसतात, तिथं उभ्या राहणाऱ्या माणसानं ही तारीख लक्षात ठेवलीच पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांतलं पिवळं कार्ड हे त्या एका खेळाडूसाठी नसतं.

बदल आला तो नव्वदच्या दशकात. 8 जून 1990, मिलान, वर्ल्ड कप. कॅमेरूनच्या बेंजामिन मासिंगनं अर्जेंटिनाच्या पळत्या कनीजियाला असं उडवलं की मासिंगचाच बूट पायातून निघून गेला. फ्रेंच पंच मिशेल व्होत्रो यांनी त्याला बाहेर काढलं, त्याआधी काना-बियिक गेला होता, तरी नऊ जणांचं कॅमेरून 1-0 नं जिंकलं. बाहेर जाणं हे हरण्यासारखं नसतं हेही त्या दिवशी कळलं. पण खरा धक्का बसला तो नेदरलँड्सच्या मार्को व्हॅन बास्टनच्या घोट्यामुळं. 26 मे 1993 ला म्युनिकमध्ये तो शेवटचा खेळला, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्यानंतर शस्त्रक्रिया, वाट पाहणं, आणि 1995 च्या ऑगस्टमध्ये निवृत्ती. वर्षानुवर्षं मागून येणाऱ्या पायांनी त्या काळातला सगळ्यात देखणा सेंटर फॉरवर्ड खेळातून काढून घेतला.

1995 मध्येच नियमातून हेतूची अट गेली. त्या जागी आल्या तीन पायऱ्या, ज्यांवर आजचा पंच उभा आहे. खेळाडू नुसता निष्काळजी असेल तर फ्री किक, कार्ड नाही. समोरच्याचं काय होईल याची पर्वा न करता आला असेल तर पिवळं. गरजेपेक्षा जास्त जोर लावून आला असेल तर लाल. 1998 मध्ये मागून केलेल्या, समोरच्याला धोक्यात घालणाऱ्या टॅकलला लाल कार्डच द्यायचं असं स्पष्ट लिहिलं गेलं, आणि त्या वर्षीच्या वर्ल्ड कपमध्ये 22 खेळाडू बाहेर गेले. पुढं 'मागून' ही अटही गळली. समोरून, बाजूनं, मागून, एका पायानं की दोन्ही, हे आता गौण. धोका होता का, एवढंच. मला हा फुटबॉलच्या नियमातला सगळ्यात माणुसकीचा बदल वाटतो. पंचाला मनकवडा होण्याच्या कामातून सुटका मिळाली आणि त्याला पाय बघायचं काम मिळालं.

पाय बघायचा म्हणजे काय, ते जवळून सांगतो. वर्गात मी एक जुना बूट हातात घेतो, सहा स्टडचा, खालचे दोन ॲल्युमिनियमचे झिजून धारदार झालेले. आधी तळवा. स्टड जमिनीकडं आहेत की समोरच्याकडं? मग गुडघा. वाकलेला गुडघा धक्का पिऊन घेतो, ताठ गुडघा सगळं वजन समोरच्याच्या हाडात उतरवतो. मग उंची. बुटावर लागलं तर वेदना, घोट्याच्या वर लागलं तर नळी. मग अंतर. दोन पावलांवरून घसरत आलेला पोरगा थांबू शकतो. पाच पावलांवरून दोन्ही पाय हवेत टाकून आलेला थांबू शकत नाही, त्याचा स्वतःवरचा ताबा उडी मारली तेव्हाच सुटलेला असतो. आणि शेवटी चेंडू. तो खेळण्यासारखा होता का, की तिथून कधीच गेला होता? हे सगळं एका नजरेत होतं, कागदावर टिपत बसायला वेळ नसतो. म्हणून मी पोरांना कार्ड काढायच्या आधी एक श्वास घ्यायला सांगतो. कानही लागतात. शिन गार्डवर स्टड बसल्याचा आवाज कोरडा असतो, चेंडूचा भरीव. उन्हाळ्यात वाळलेल्या मैदानावर हा फरक पंधरा मीटरवरून स्वच्छ कळतो.

आणि हे सगळं येत असूनही माणूस चुकीच्या जागी उभा असला तर काही दिसत नाही. 11 जुलै 2010, जोहान्सबर्ग, वर्ल्ड कपची फायनल. नेदरलँड्सच्या नायजल डे याँगचे स्टड झाबी आलोन्सोच्या छातीत बसले. हॉवर्ड वेब, यॉर्कशायरमध्ये पोलीस खात्यात नोकरी केलेला खमक्या माणूस. त्यांनी पिवळं दिलं. मध्ये दुसरा खेळाडू आल्यामुळं नीट दिसलं नाही, लाल द्यायला हवं होतं, असं त्यांनी पुढं मोकळेपणानं सांगितलं. त्या रात्री 14 पिवळी कार्डं निघाली.

2018 पासून व्हिडिओ असिस्टंट रेफरी नियमात आला. त्याच्या कार्यपद्धतीतली एक सूचना मला फार मोलाची वाटते. पाय कुठं लागला हे बघायला चित्रफीत संथ करायला हरकत नाही, पण किती जोरात लागला हे ठरवताना ती नेहमीच्याच वेगानं बघायची. संथ केल्यावर प्रत्येक टॅकल क्रूर दिसतो, कारण विचार करायला नसलेला वेळ तिथं असल्यासारखा वाटतो. कोल्हापुरात आमच्याकडं हे यंत्र नाही. त्यामुळं आमचा पंच नेहमीच खऱ्या वेगानं बघतो.

3 नोव्हेंबर 2019 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर एव्हर्टन विरुद्ध टॉटनहॅम सामना होता. सोन ह्युंग-मिन यानं पळणाऱ्या आंद्रे गोमेशला मागून पाय घातला. गोमेशचा तोल गेला, तो दुसऱ्या एका खेळाडूवर आदळला आणि त्याचा घोटा उलटा फिरला. पंच मार्टिन ॲटकिन्सन यांनी आधी पिवळं काढलं होतं. पाय बघितल्यावर लाल दाखवलं. दोन दिवसांनी फुटबॉल असोसिएशननं ते रद्द केलं. माझ्या मते ते बरोबर झालं. सोनचा फाऊल पिवळ्याचा होता, घोटा मोडला तो पुढच्या पडण्यात, आणि मोडलेल्या हाडाकडं बघून मागं जाऊन टॅकल मोठा करता येत नाही. तसंच, काही मोडलं नाही म्हणून तो लहानही करता येत नाही. वर्गात ही चित्रफीत लावतो तेव्हा गोमेश पडायच्या आधी ती थांबवतो आणि कार्ड विचारतो. बहुतेक हात पिवळ्यासाठी वर होतात. मग उरलेला भाग दाखवतो आणि परत विचारतो. तीन-चार हात लालकडं वळतात. चहाच्या सुट्टीत मी त्याच पोरांजवळ जाऊन बसतो, आणि पहिली दोन सेकंदं आम्ही पुन्हा पुन्हा बघतो.